आत की बाहेर

"वायर काढ," हिंदुराव म्हणाला.

"का काढू?"

"काढ म्हणतोय नव्हं? आधी वायर काढ, मग चहा पाज, मग सांगतो का ते."

मी स्टुलावर उभा होतो. एका हातात टेस्टर, दुसऱ्या हातात लाल वायर. गॅरेजच्या शटरच्या कडीला मी ती नुकतीच गुंडाळली होती. दुसरं टोक बोर्डात खुपसायचं, बटण दाबायचं, की झालं काम. चोरानं कडीला हात लावला की जागच्या जागी नाचायला पाहिजे. मी तीस वर्षं इचलकरंजीत यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर होतो. माग बंद पडला की ज्याच्या नावानं ओरडतात तो जॉबर. मशिनला आणि माणसाला कुठं झटका बसतो हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती.

पण हिंदुराव मगदूम म्हणजे आमच्या सोसायटीतला कायदा. बत्तीस वर्षं पोलिसात काढून हवालदार म्हणून रिटायर झालेला. शेजारीच राहायचा. कुणाच्या कुंपणावरून भांडण झालं तरी लोक आधी त्याच्याकडं जायचे, कारण तो फुकट सांगायचा आणि ठासून सांगायचा.

चहा आला. माझी बायको शालन कप ठेवून तिथंच दाराला टेकून उभी राहिली.

"आता ऐक," हिंदुराव बशीत चहा ओतत म्हणाला. "चोर आला आणि या कडीला चिकटून मेला, तर आत कोण जाणार?"

"कोण म्हणजे? चोर मेला, तो कुठं जाणार!"

"तू जाणार. खारगे मिस्त्री जाणार. स्वतःला वाचवायचा हक्क माणसाला असतो, वायरीला नसतो. तू आत घोरत पडलेला, आणि बाहेर तुझी वायर माणूस मारणार. यात कसला आलाय जिवाला धोका?"

"म्हणजे त्यानं घर धुऊन न्यावं आणि मी टाळ्या वाजवायच्या?"

"मार की! मारू नको असं कोण म्हणतंय? तू तिथं पाहिजेस, तो तिथं पाहिजे, आणि मार एवढाच, की तो थांबला पाहिजे."

"आणि थांबल्यावर?"

"थांबल्यावर तू पण थांबायचं. त्याच्या पुढचा एकेक फटका तुझ्या खात्यावर. कळलं?"

शालन दारातूनच म्हणाली, "भाऊजी, त्या कडीला सकाळी दूधवाला पण हात लावतोय, ते सांगा की यांना."

मी वायर काढली. चिडून काढली, पण काढली.

एवढं त्या गॅरेजात काय होतं, असं तुम्हाला वाटेल. गाडी तर नव्हतीच. घर बांधायला काढलं तेव्हा मी आधी गॅरेज बांधून घेतलं, शटर लावून. सगळे हसले. मेव्हणा म्हणाला, आधी घोडा घ्या, मग तबेला बांधा. गाडी काही आली नाही, पण गॅरेजात माझी हत्यारं आली. व्हाइस, ग्राइंडर, ड्रिल, कानशी, छन्न्या, पकडी आणि पाने. एकेक पाना मी वेगवेगळ्या कारखान्यात काम करत जमवलेला, प्रत्येकावर 'आ' ठोकलेला. आनंदराव खारगेचा 'आ'. रिटायर झाल्यावर सकाळी आंघोळ करून मी गॅरेजात जायचो, ते जेवायलाच बाहेर यायचो. तिथं मी कुणाचा नोकर नव्हतो, कुणाचा बाप नव्हतो. कुणाचा मिक्सरचा जार, कुणाची सायकल, काहीबाही दुरुस्त करत बसायचो. शालन म्हणायची, "दुसरं लग्न गॅरेजशीच लावलंय यांनी."

श्रावणात आम्ही दोघं भाचीच्या लग्नाची बोलणी करायला जयसिंगपूरला गेलो. दुपारी परत आलो तर शटरचं कुलूप तुटलेलं. पान्यांची पेटी गेली होती. लहानमोठे मिळून सत्तावीस पाने, दोन पकडी, एक हातोडी. बाकीचं सगळं जागच्या जागी.

पोलीस चौकीत तक्रार द्यायला गेलो. तिथल्या माणसानं विचारलं, गॅरेज आहे तर गाडी कुठली? म्हटलं, गाडी नाही. मग गॅरेजातून गेलं काय? म्हटलं, पाने. तो लिहिता लिहिता हसला आणि त्यानं पेन खाली ठेवलं, तक्रार काही नोंदली नाही. त्या हसण्यानं माझं टाळकं जे सटकलं, ते पुढं दोन महिने सटकलेलंच राहिलं. घरी येऊन मी शालनला सांगितलं, "आता पोलीस नाहीत, कोण नाहीत. परत आला तर हातापायानं धड जाणार नाही."

वायर काढल्यावर मी बाभळीचा दांडका आणला. तासून घेतला, मूठ गोल केली, तेल पाजलं. गॅरेजातून घरात यायचं एक दार आहे, त्याच्यामागं तो उभा करून ठेवला. रोज त्याला तेल लावताना बघून शालन म्हणायची, "देवाच्या समईत पण घाला जरा." शटरला आतून घुंगरांची माळ बांधली. मांजर गेलं की घुंगरू, वारा आला की घुंगरू. एकदा पहाटे दूधवाल्यावर दांडका उगारला. त्या दिवसापासून तो पिशवी कुंपणावर अडकवून लांबूनच हाक मारायला लागला. शालन म्हणाली, "चोर एकदाच आला बिचारा. तुम्ही रोज येताय अंगावर."

दोन महिने असे गेले आणि खंडेनवमी आली.

मागाच्या गावात खंडेनवमी म्हणजे काय हे बाहेरच्या माणसाला सांगून कळायचं नाही. दसऱ्याच्या आदल्या दिवशी सगळा खडखडाट बंद. गाव एवढं शांत होतं, की आपल्याच कानात काहीतरी बिघडलंय असं वाटतं. माग धुऊन पुसून त्यांना हार घालायचे, हत्यारं पाटावर मांडून हळदकुंकू वाहायचं. एकदा पूजा झाली की दसरा होईपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही. स्क्रू ढिला झाला तरी तसाच राहू द्यायचा. आणि त्या दिवशी दार लावायचं नाही. जो येईल त्यानं हत्यारांना नमस्कार करायचा, प्रसाद घ्यायचा, जायचं. ओळख लागत नाही.

मी पहाटे उठून सगळं रॉकेलनं धुतलं. पाटावर लाल कापड घालून हत्यारं मांडली. पेटी गेल्यामुळं अर्धा पाट मोकळाच राहिला. तिथं झेंडूची फुलं पसरली, तरी ते मोकळेपण झाकेना. मधोमध नारळ ठेवला. तो संध्याकाळी आरती झाल्यावर फोडायचा. घुंगरू काढून ठेवले, शटर पुरतं वर केलं. शालन चुरमुरे-फुटाण्यांचं ताट घेऊन पुढच्या पायरीवर बसली. दुपारपर्यंत निम्मी सोसायटी येऊन गेली. गोडाचं जेवण झालं आणि मी आतल्या खोलीत आडवा झालो.

जाग आली ती लोखंडाच्या आवाजानं. पान्यावर पाना टेकला की एक बारीक टिंग होतं. तो आवाज मला शंभर मागांच्या गोंगाटातही कळायचा, मग त्या शांततेत कसा कळणार नाही! घड्याळात तीन वाजून गेले होते. मी अनवाणीच उठलो. आतलं दार बोटभर उघडलं.

पाटापुढं एक माणूस उकिडवा बसला होता. पाठ माझ्याकडं. मळकट पांढरा शर्ट, पुढ्यात नायलॉनची पिशवी, पिशवीचं तोंड उघडं. त्याचा एक हात पाटावर, एक पिशवीत. परत टिंग झालं.

रक्त डोक्यात चढणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. भरदिवसा, सणाच्या दिवशी, पूजेला लावलेली हत्यारं! हाताशीच व्हाइसवर मोठा हातोडा होता. पण त्याला कुंकू लावलेलं. एवढ्या रागातही माझा हात मागं आला. खंडेनवमीला हत्यार उचलायचं नाही, हे हाडात भिनलेलं. मी दारामागचा दांडका घेतला.

पहिला फटका खांद्यावर बसला. तो बाजूला कलंडला, वळला आणि मला बघून म्हणाला, "मिस्त्री! मिस्त्री, थांबा, ऐका..."

पिशवी त्यानं सोडून दिली होती. तो उठला नाही, पळाला नाही. भिंतीला पाठ लावून बसला आणि त्यानं माझ्यापुढं दोन्ही हात जोडले.

दुसरा फटका मी त्या जोडलेल्या हातांवर मारला.

तो कसा आवाज झाला ते मी लिहीत नाही. माणूस ओरडला नाही, नुसता श्वास आत ओढून घेतला आणि उजवा हात पोटाशी धरून वाकला.

मीच ओरडलो, "चोर! चोर पकडला!"

सणाचा दिवस, सगळे घरात. मिनिटात गर्दी झाली. कुणी माझी पाठ थोपटली, कुणी त्याला लाथ मारायला पुढं झालं. शालन पायरीवरून धावत आली आणि शटरशीच थबकली. तिनं त्याच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं, मग दांडक्याकडं. ती आत गेली, तांब्या भरून आणला आणि त्याच्या तोंडाशी धरला. लोक म्हणाले, वहिनी, चोराला कसलं पाणी पाजताय? ती ऐकतच नव्हती.

हिंदुराव बनियनवरच आला. त्याला एका नजरेत सगळं कळलं, जन्मच त्यात गेलेला. त्यानं गर्दी शटरच्या बाहेर हाकलली आणि माझ्या कानाशी लागला.

"किती मारलेस?"

"दोन."

"दुसरा कशाला?"

"थांबला नव्हता," मी म्हणालो.

त्यानं भिंतीशी बसलेल्या माणसाकडं बघितलं, परत माझ्याकडं बघितलं. "बरं. हेच सांग. मी फोन करून येतो चौकीला. तवर कुणाला आत घेऊ नको, आणि तू पण त्याच्या अंगाला हात लावू नको." शालनला म्हणाला, "वहिनी, तुम्ही घरात बसा. पोलीस येतील, तुम्हाला कशाला त्रास."

शालन घरात गेली. शटरबाहेर लोक माझ्या शौर्याच्या गोष्टी सांगायला लागले होते. आत आम्ही दोघंच.

"नाव काय तुझं?"

"इराप्पा. इराप्पा कोरे." तोंड घामानं भिजलेलं. "मी पण जॉबरच हाय, मिस्त्री. तुमास्नी वळखतोय मी. तुमी न्हाई वळखणार."

"जॉबर असून जॉबरची हत्यारं चोरतोस? आणि ती पण खंडेनवमीला? लाज वाटत नाही?"

"चोरली श्रावणात," तो म्हणाला. "आमचा कारखाना बंद पडला. दुसऱ्या ठिकाणी म्हणाले, सामान तुझं असलं तर ये कामाला. माझ्यापाशी एक पकड न्हवती. म्हणून नेलं. आता त्याच पान्यांवर काम करून माझं स्वतःचं घेतलं मी. पिशवी बघा."

"काय बघू?"

"बघा की. परत ठेवायला आलो व्हतो. आज पूजा. चोरीच्या हत्यारांवर हळदकुंकू कसं वाहायचं घरात? हात धजंना. बायको म्हणाली, ज्याची त्याला देऊन या, तितंच पूजा हुंदे."

मी पिशवीत हात घातला. पाना निघाला. बावीस नंबरचा. त्यावर माझा 'आ'. दुसरा काढला, त्यावर 'आ'. सगळे पुसलेले, तेलाचा हात दिलेला, एकाच्याही तोंडाला गंज नाही. पाटाकडं बघितलं तर सकाळी मोकळा राहिलेला अर्धा भाग भरत आला होता. मापाप्रमाणं, लहानापासून मोठ्याकडं, अगदी मी मांडतो तसे दहा-बारा पाने तिथं बसले होते. ते टिंग पिशवीत टाकल्याचं नव्हतं. पाटावर ठेवल्याचं होतं.

पिशवीच्या तळाशी एक नारळ होता. आणि कागदाच्या पुडीत हळदकुंकू.

आमचा नारळ पाटावर तसाच होता. चोरी करायला येताना कुणी नारळ घेऊन येत नाही, हे कळायला काही वकील लागत नाही. हिंदुरावाचा चहा पितानाचा आवाज कानात वाजायला लागला. थांबल्यावर थांबायचं. पुढचा एकेक फटका तुझ्या खात्यावर. इथं तर पहिलासुद्धा माझ्याच खात्यावर होता. साठी उलटलेला माणूस मी, आयुष्यात कुणाची फुकटची काडी घेतली नाही, आणि आता हातात बेड्या घालून सोसायटीतून चालत जायचं? लेकीच्या सासरी काय तोंड दाखवायचं?

"मिस्त्री," इराप्पा म्हणाला, "तेवढं सांगा त्यास्नी. चोरी केली ती मी कबूल करतोय. पण आज मी द्यायला आलतो, एवढं सांगा. नव्या ठिकाणी कळलं तर मला ठेवायचे न्हाईत."

बाहेर जीपचा आवाज आला.

तेव्हा मी काय केलं, ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. पिशवीतला नारळ काढला आणि पाटावर आमच्या नारळाशेजारी ठेवला. पुडी खिशात घातली. मग पाटावरचे ते दहा-बारा पाने उचलले आणि पिशवीत टाकले. खंडेनवमीला. हातोडा उचलायला धजलो नव्हतो तो मी. इराप्पा नुसता बघत होता. कदाचित त्याला वाटलं असेल, मिस्त्री मोजून घेताहेत.

फौजदार तरुण होता, सभ्य होता. इराप्पाचा हात बघून त्यानं आधी त्याला दवाखान्यात न्यायला सांगितलं. दोन शिपायांनी त्याला जीपमध्ये बसवलं. मग फौजदार खुर्चीवर बसला, कागद काढला.

"काका, घाबरू नका. तुम्ही तुमच्या घरात होता. मला फक्त नीट सांगा. तुम्ही दार उघडलं तेव्हा हा माणूस आत चालला होता, की माल घेऊन बाहेर निघाला होता?"

हिंदुराव माझ्या मागंच उभा होता. घसा खाकरला त्यानं.

"बाहेर," मी म्हणालो.

"माल पिशवीत होता?"

"होता. पिशवीतच आहे, बघा."

"तुम्ही अडवल्यावर अंगावर आला?"

"आला."

"म्हणून मारलं."

"म्हणून मारलं."

त्यानं लिहून घेतलं, मी सही केली. आतल्या दाराशी बांगड्या वाजल्या. फौजदारानं मान वर करून विचारलं, "काकू घरातच होत्या का?"

हिंदुराव म्हणाला, "वहिनी पुढं प्रसाद देत होत्या, साहेब. गॅरेजात काय झालं ते त्यांना नंतरच कळलं. बाईमाणसाला कशाला मध्ये घेताय?"

"बरोबर आहे," फौजदार म्हणाला आणि त्यानं कागदाची घडी घातली.

सणाचा दिवस म्हणून कुणाला प्रसादाशिवाय पाठवता येईना. आरती लवकर केली. मी दोन्ही नारळ फोडले. खोबरं वाटलं. फौजदारानं खाल्लं, शेजाऱ्यांनी खाल्लं, हिंदुरावानं कागदात बांधून नातवंडांसाठी नेलं. शालनपुढं ताट धरलं तर तिनं हात मागं घेतला. म्हणाली, "मला नको." मला वाटलं, घाबरलीय.

पुढचं सगळं झटपट झालं. इराप्पाच्या उजव्या मनगटाची दोन हाडं मोडली होती. प्लास्टर निघालं तरी मूठ पुरती मिटेना, असं हिंदुराव कुठून तरी ऐकून आला. मूठ मिटत नसलेला जॉबर म्हणजे काय हे मला माहीत होतं. कोर्टात त्यानं सरळ सांगून टाकलं, चोरी मी केली. परत द्यायला आलो होतो हेही सांगितलं म्हणे, पण सगळेच चोर तसं सांगतात. पाने माझेच, पिशवी त्याचीच, जबाब माझा. त्याला शिक्षा झाली. साक्षीला मी गेलो तेव्हा तो पिंजऱ्यात होता. मला वाटलं, शिव्या देईल, ओरडेल. त्यानं मान खाली घातली ती वर केलीच नाही. मीच त्याच्याकडं बघत राहिलो होतो, त्यानं एकदा तरी बघावं म्हणून.

आणि मग सव्वीस जानेवारी आला. झेंडावंदन झाल्यावर सोसायटीनं माझा सत्कार ठेवला होता. मी नको नको म्हणालो, पण फार जोरात म्हणालो नाही. चेअरमन माइकवर म्हणाले, "घरात चोर शिरल्यावर कडी लावून बसणारे आपण लोक. पण आपल्या मिस्त्रींनी या वयात जिवावर उदार होऊन..." टाळ्या पडल्या. शाल घातली, हार घातला. मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी म्हणालो, प्रत्येकानं सावध राहिलं पाहिजे. परत टाळ्या पडल्या.

खाली उतरल्यावर हिंदुरावानं मला बाजूला घेतलं. पोट धरून हसत म्हणाला, "नशीबवान आहेस, खारगे! तो बाहेर निघाला होता म्हणून तुझ्या अंगावर शाल आहे. आत येत असता, तर आज तू आत असतास."

मी पण हसलो. काय करणार?

घरी आलो. शालन सत्काराला आली होती, पण मागच्या रांगेत बसून मधूनच उठून गेली होती. मी खुर्चीत बसलो. शाल काढून तिच्या हातात दिली आणि म्हणालो, "झालं एकदाचं."

"एक विचारू?" ती म्हणाली.

"विचार की."

"तो बाहेर निघाला होता?"

मी गळ्यातला हार काढायला लागलो.

"मी पायरीवरच होते," शालन म्हणाली. "तो फाटकाशी आला आणि उभाच राहिला. आत यावं का नको, असं त्याचं चाललं होतं. हातात पिशवी. मी म्हटलं, पूजेला आलाय का? तर म्हणाला, व्हय वहिनी. म्हटलं, मग उभे का? जा की, गॅरेजात जा, पूजा तिकडंच आहे. आणि परत जाताना प्रसाद घेऊन जा म्हटलं. मीच पाठवलं त्याला आत."

मी म्हणालो, "मग तेव्हाच बोलली का नाहीस? साहेब समोर बसला होता."

"मला कुणी विचारलं?" ती म्हणाली. आवाज चढवला नाही तिनं, तेच फार वाईट होतं. "तुम्हाला विचारलं. मी दारामागं उभी होते. म्हटलं, रागावतात, पण आमचे हे खोटं नाही बोलायचे. तुम्ही बाहेर म्हणालात. मग म्हटलं, उद्या बोलतील. मग म्हटलं, कोर्टात बोलतील. आज माइकपुढं उभे राहिलात, तेव्हा पण मला वाटलं, आता तरी बोलतील."

मी मान खाली घालून बसलो. समोर तिच्या पायांची बोटं दिसत होती. ती हलली, कपाटाकडं गेली. शालीची नीट घडी करून तिनं पिशवीत घातली, वर अर्धा किलो साखर आणि चहाची पुडी ठेवली.

"कुठं निघालीस?"

"नदीवेशीला. त्याची बायको राहते तिथं, दोन पोरं आहेत. मी याआधी दोनदा जाऊन आलेय. थंडी आहे, शाल उपयोगी पडेल." तिनं पायात चपला सरकवल्या आणि फाटकापर्यंत जाऊन मागं वळली. "तिला सांगायचं तेवढं तुम्ही सांगा. पायात घाला काहीतरी आणि चला."

मी खुर्चीतून उठलो. खरंच उठलो. दारापर्यंत गेलो.

"तू जाऊन ये," मी म्हणालो.